दोन महासत्ता आणि मिलोची भाकरी

आपल्या शिबिरांत एक गोष्ट ठरून गेल्यासारखी असते. आरोग्याचं सत्र बाई घेते, कायद्याचं सत्र बाई घेते, आणि फळ्यावर ‘जागतिक परिस्थिती’ असं लिहिलं गेलं की समोरच्या खुर्चीवर एखादे भाऊ येऊन बसतात. मग अमेरिका, रशिया, साम्राज्यवाद, समाजवादी गट, अलिप्तता, सोव्हिएत संघाचं विघटन हे शब्द तासभर डोक्यावरून जातात. मागच्या रांगेतली उमरग्याकडची, भूम-परंड्याकडची बाई मांडीवरच्या लेकराला थोपटत बसते. तिला वाटतं, हे भांडण लांबचं आहे. बोलणाऱ्या भाऊंनाही तसंच वाटत असतं, फक्त त्यांना ते लांबचं म्हणूनच मोठं वाटतं.

या लेखाचा वाद आहे तो या समजुतीशी. १९४५ नंतर पंचेचाळीस वर्षं अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात जे शीतयुद्ध चाललं, ते धाराशिव जिल्ह्यातल्या बाईच्या चुलीपर्यंत आलं होतं. तिच्या शेतातल्या ज्वारीत आलं होतं, तिच्या गर्भाशयापर्यंत आलं होतं. तिला कुणी ते शीतयुद्ध म्हणून सांगितलं नाही, एवढंच. आणि आता ‘ते संपलं, भांडवलशाही जिंकली, सोडा तो विषय’ असं सांगणारे जे नवे शहाणे निघाले आहेत, त्यांनाही हा हिशेब ऐकवायचा आहे.

सुरुवात धान्यापासून करू, कारण बाँब आपल्यावर पडला नाही, पण गहू पडला.

१९५० च्या अखेरीस आपल्या सरकारनं अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितलं. देशात टंचाई होती, बिहार आणि मद्रासकडे परिस्थिती बिकट होती. त्या वेळी कोरियात युद्ध चालू होतं आणि नेहरू अमेरिकेच्या ओळीत उभे राहायला तयार नव्हते. तर तिथल्या संसदेत महिनोन्‌महिने चर्चा चालली की आपल्या बाजूनं मत न देणाऱ्या देशाला गहू द्यायचा कशासाठी. तेवढ्यात रशियानं आणि चीननं धान्याची जहाजं धाडली, प्रमाण थोडं, गाजावाजा मोठा. अखेर जून १९५१ मध्ये अमेरिकेनं कायदा करून १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. भुकेलेल्याला घास द्यायचा की नाही हे त्याचं पोट बघून ठरलं नाही. तो कुणाच्या बाजूला बसतो ते बघून ठरलं. गावात पाटलाच्या वाड्यावर उसनी पायली मागायला गेलेल्या बाईला हे राजकारण नवं नाही. “मतदानाला कुणाकडं होतीस गं?” हाच तो प्रश्न.

मग आला पी. एल. ४८०. अमेरिकेत १९५४ साली हा कायदा झाला. तिथल्या शेतकऱ्यांकडे गहू एवढा पिकला होता की कोठारं पुरत नव्हती. तो गहू मित्रदेशांना रुपयांत विकायचा, आपली बाजारपेठ वाढवायची, आणि भुकेपोटी कुणी लाल झेंड्याकडे जाऊ नये याची तजवीज करायची, असा तिहेरी बेत. भारताशी पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमध्ये झाला. पुढची पंधरा वर्षं रेशनच्या दुकानातला गहू बऱ्याच अंशी तिकडून आला. (गाजरगवत याच गव्हातून आलं असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पुण्यात ते १९५५ मध्येच आढळल्याची नोंद आहे, म्हणजे करार व्हायच्या आधी. तेव्हा ते नेमकं कुठल्या पोत्यातून आलं यावर पैज लावू नये. ते खुरपत मात्र आपणच बसलो आहोत.)

१९६५-६६ ला पाऊस गेला. १९६६ या एका वर्षात देशानं एक कोटी टनांच्या वर धान्य बाहेरून आणलं. याच काळात आपल्या सरकारनं व्हिएतनामवरच्या अमेरिकी बाँबफेकीविरुद्ध चार शब्द काढले, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायला सुरुवात केली. या महिन्यात नीट वागलात तर पुढच्या महिन्याचं बघू. नवऱ्यानं रोजच्या रोज बाजाराचे पैसे मोजून द्यावेत आणि वर हिशेब मागावा, तशी ही तऱ्हा. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. महागाई अर्थशास्त्राच्या पुस्तकात आकडा म्हणून येते, घरात ती बाईच्या ताटात कमी होऊन येते. शेवटी जेवणारी ती.

पण आपल्या जिल्ह्याचा खरा अध्याय १९७२ चा आहे, आणि तिथं थोडं थांबायला हवं.

तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता, लातूर त्यातच होतं, १९८२ च्या ऑगस्टमध्ये ते वेगळं निघालं. सलग वर्षं पाऊस नीट नव्हता आणि ७२ ला त्यानं पाठच फिरवली. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात कवडीमोलानं गेली, कडबा दिसेना. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती. त्यात बाया किती होत्या हे त्या वेळचे फोटो बघितले तरी कळतं: डोक्यावर पदर, हातात हातोडी, शेजारी दगडाच्या सावलीला ठेवलेलं पोर. ज्यांच्या घरची बाई कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, त्यांच्याही बाया या खडीवर बसल्या. जात, घराणं, पडदा, सगळं त्या ढिगाऱ्यावर काही महिने तरी बाजूला ठेवावं लागलं. पाणी मात्र एका घागरीतून सगळ्यांना मिळालं असं कुणी सांगू नये.

या बायांनी खाल्लं काय? सुकडी आणि मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात. वय झालेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती मिलोचं नाव काढल्याबरोबर तोंड वाकडं करते. भाकरी थापली जायची नाही, तव्यावर तुटायची, रंग लाल, वास वेगळा, पोरांची पोटं बिघडायची. ज्या मुलखात ज्वारीच्या भाकरीवर सुनेची पारख होते, तिथं दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईनं ती लाल चिखलासारखी कणीक थापायची आणि वर घरच्यांची बोलणी खायची. भाकरी मोडली तर दोष दाण्याचा नाही, हाताचा.

आता हीच वर्षं जगाच्या नकाशावर बघा. १९७१ च्या ऑगस्टमध्ये भारतानं रशियाशी मैत्रीचा करार केला. डिसेंबरात बांगलादेशचं युद्ध झालं, अमेरिकेनं मदत तोडली आणि सातवं आरमार बंगालच्या उपसागरात धाडलं. स्वस्त गव्हाचा तो करारही तिथंच संपला. म्हणजे आपल्याकडे दुष्काळ पडला तेव्हा मदतीचं दार बंद. आणि याच १९७२ च्या उन्हाळ्यात रशियानं काय केलं? त्यांचं पीक बुडालं होतं, तर त्यांनी गुपचूप अमेरिकेच्या बाजारात उतरून एक कोटी टनांच्या आसपास गहू उचलला. अमेरिकेच्या सरकारनं तो आपल्या शत्रूला अनुदान देऊन विकला! ज्यांच्यासाठी जगानं दोन तट केले, व्हिएतनामात गावंच्या गावं जाळली गेली, ते दोघे कांद्याबटाट्याच्या व्यापाऱ्यांसारखे एकमेकांशी भाव करत होते. या खरेदीनं जगाच्या बाजारात गहू भडकला, दीड-दोन वर्षांत भाव तिपटीच्या घरात गेला. त्याच महागड्या बाजारात भारताला रोकड मोजून धान्य घ्यावं लागलं. मिलो आपल्या वाट्याला आली ती अशी.

पुढं १९७३ च्या शरदात रशियानं भारताला २० लाख टन धान्य उसनं दिलं, आणि डाव्या पक्षांनी त्याचं कौतुक केलं. कौतुक करायला हरकत नाही, अडल्या वेळी आलेला दाणा दाणाच असतो. पण त्याच रशियाच्या खरेदीनं वर्षभर आधी भाव चढवला होता, हे त्या कौतुकात कुठं आलं नाही. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेनं साठलेल्या पी. एल. ४८० च्या रुपयांपैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताला परत केला, त्याचंही कौतुक झालं. या दोन्ही कौतुकांच्या मधे, चैत्रातल्या उन्हात खडी फोडणाऱ्या बाईचा उल्लेख कुणाच्याच कागदात नाही.

इथं एक गोष्ट आठवते. १९५९ च्या जुलैमध्ये मॉस्कोत अमेरिकेनं प्रदर्शन भरवलं होतं. त्यात एक नमुन्याचं स्वयंपाकघर उभं केलं होतं, लिंबाच्या रंगाचं, सगळी यंत्रं बसवलेलं. तेव्हाचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन आणि रशियाचे ख्रुश्चेव्ह त्या स्वयंपाकघरापुढं उभं राहून भांडले. निक्सनचं म्हणणं, आमची ही यंत्रं बायकांचं काम हलकं करण्यासाठी आहेत. ख्रुश्चेव्हचं म्हणणं, बायकांकडे बघण्याची ही तुमची भांडवलशाही तऱ्हा आमच्याकडे नाही. जगातल्या दोन बलाढ्य पुरुषांचा सगळ्यात गाजलेला वाद स्वयंपाकघरात झाला, आणि त्या स्वयंपाकघरात राबणार कोण, हे दोघांनीही विचारलं नाही. एकानं तिला कपडे धुण्याचं यंत्र दिलं आणि घरात ठेवलं. दुसऱ्यानं तिला ट्रॅक्टरवर बसवलं, कारखान्यात नेलं, तिच्या मुलांसाठी पाळणाघरं काढली (हे मोठंच काम होतं, ते नाकारणं कोतेपणाचं होईल), पण संध्याकाळी दुकानापुढची रांग, स्वयंपाक आणि धुणं तिच्याच गळ्यात राहिलं. पक्षाच्या सर्वोच्च समितीत बाई शोधावी लागायची.

आता ८ मार्चची एक आठवण, जी आपल्या कुठल्याच ८ मार्चच्या भाषणात येत नाही. ८ मार्च १९६८ या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख विल्यम गॉड यांनी भाषण केलं आणि त्यात ‘हरित क्रांती’ हा शब्द पहिल्यांदा वापरला. शब्द सहज आला नव्हता. शेतीत जे घडतंय ती रशियासारखी रक्तपाती लाल क्रांती नव्हे, हिरवी क्रांती आहे, असं त्यांनी म्हटलं. म्हणजे ज्या शब्दावर आपण शाळेत निबंध लिहिले, तो जन्मालाच लाल रंगाविरुद्ध आला. गव्हाच्या नव्या जाती, खत, पाण्याची सोय असलेली जमीन, आणि शांत राहणारा शेतकरी.

बालाघाटच्या पठारावर पाणी कुठलं? आपला जिल्हा अवर्षणाच्या पट्ट्यातला. इथलं पीक ज्वारी, बाजरी, तूर, करडई. या पिकांना त्या क्रांतीच्या पंगतीत शेवटचं पान मिळालं. ज्वारीचं हायब्रीड १९६४ मध्ये आलं, उतारा वाढला, पण ताट बुटकं, कडबा कमी, आणि भाकरीला चव नाही. दाणा बघणाऱ्या पुरुषानं उतारा मोजला. जनावराला वैरण घालणाऱ्या आणि भाकरी थापणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही. सरकारी खरेदी गहू-तांदळाची, साठा गहू-तांदळाचा, रेशन गहू-तांदळाचं. पिढीभरात ज्वारी पिकवणाऱ्या घरातच गव्हाची चपाती ही प्रतिष्ठेची आणि भाकरी गरिबीची झाली. खरिपाची ज्वारी गेली, नव्वदीनंतर तिथं सोयाबीन आलं, ज्याचा भाव लातूरच्या आडतीत पुकारतात पण ठरतो समुद्रापलीकडे. ज्वारीबरोबर बाईच्या हातातलं बी गेलं. बियाणं राखणं, उतरंडीत राख घालून ठेवणं, शेजारणीला देणं, हा तिचा अधिकार होता. त्याची कुठं नोंद नसल्यामुळे तो गेल्याचीही नोंद नाही.

धान्यावर बोलणं सोपं आहे. शरीरावर बोलताना आपल्याच बैठकीत माना खाली जातात, म्हणून तेही स्पष्ट लिहिते.

गरीब देशांत माणसं वाढली की भूक वाढते, भूक वाढली की कम्युनिझम येतो, म्हणून गरीब बायांची मुलं कमी करा, हा सिद्धांत अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात मांडला गेला. ह्यू मूर नावाच्या, कागदी पेल्यांवर गबर झालेल्या उद्योगपतीनं १९५४ मध्ये या मजकुराची पुस्तिका काढून वाटली. १९६५ च्या जूनमध्ये जॉन्सन यांनी संयुक्त राष्ट्रांपुढं हिशेबच मांडला, की लोकसंख्या रोखायला घातलेले पाच डॉलर हे विकासात घातलेल्या शंभर डॉलरच्या बरोबरीचे. दुसऱ्या वर्षी धान्य-मदतीच्या कायद्यात कुटुंबनियोजनाचा विषय घातला गेला. आणि १९६५ मध्येच आपल्याकडे ‘लूप’ची मोहीम सुरू झाली. हजारो बायांना तांबी नव्हे, प्लास्टिकचा लूप बसवला, नंतरची तपासणी कुणी केली नाही, अंगावरून जाणं, ओटीपोटाचं दुखणं घेऊन बाया घरी बसल्या. एका बाजूला गव्हाची पोती, दुसऱ्या बाजूला लूपचे आकडे.

आणीबाणीत उद्दिष्टं आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात पुरुष जास्त होते. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य कुठलं? आपलं, महाराष्ट्र, १९७६. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून कायदा झाला नाही. पुरुषांनी १९७७ च्या निवडणुकीत त्याचा सूड घेतला, आणि सगळ्या पक्षांनी धडा घेतला तो हा, की पुरुषाला हात लावायचा नाही. तेव्हापासून शस्त्रक्रिया बाईची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायांची नसबंदी झालेली दिसते, पुरुषांची ०.३ टक्के. शिबिरात रांगेनं निजवलेल्या बाया आपण आपल्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

इथं आपले डावे भाऊ मान डोलावतात, ‘बघा, साम्राज्यवाद!’ म्हणतात. जरा थांबा, भाऊ. रशियानं १९३६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, कारण स्टालिनला माणसं हवी होती. ती उठली १९५५ ला. रुमानियात चाउसेस्कूनं १९६६ मध्ये गर्भपात बंद केला, कारण त्यालाही माणसं हवी होती. चोरून गर्भपात करताना तिथं हजारो बाया मेल्या, अनाथालयं मुलांनी भरून गेली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्याची सत्ता पडली तेव्हाच ती बंदी गेली. चीननं १९८० मध्ये उलट टोक गाठलं, एकच मूल. एका छावणीला आपली मुलं नको होती, दुसऱ्या छावणीला कधी हवी होती, कधी नको होती. बाईला काय हवं, हा प्रश्न दोन्हीकडच्या पंचवार्षिक योजनांत नव्हता.

हे लिहिताना आपल्याच जिल्ह्यातली लाल परंपरा विसरून चालणार नाही. उस्मानाबाद म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा जिल्हा. १९५० च्या दाभाडी प्रबंधानं त्या पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. भाई उद्धवराव पाटील यांच्यासारखा माणूस विधानसभा गाजवून गेला, १९७७ मध्ये लातूरमधून लोकसभेत गेला. कूळ, कापूस, ज्वारीची लेव्ही, दुष्काळ या प्रश्नांवर या मंडळींनी रान उठवलं, हे ऋण मानायलाच हवं. पण जमिनीच्या त्या लढ्यात सातबारा कुणाच्या नावावर मागितला? बापाच्या, नवऱ्याच्या, भावाच्या. शेजारच्या तेलंगणात १९४६ ते ५१ या काळात बाया बंदूक घेऊन लढल्या. त्या वेळी तेलंगण आणि आपला जिल्हा एकाच निजामाच्या राज्यात होते. १९५१ मध्ये लढा मागं घेण्याचा निर्णय झाला, त्याआधी चार पुढारी मॉस्कोला जाऊन सल्ला घेऊन आले. जंगलात लेकरू सोडून आलेल्या बाईचा सल्ला कुणी घेतला नाही. तिला ‘आता घरी जा’ एवढंच कळलं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं १९८९ मध्ये या बायांच्या आठवणींचं पुस्तक काढलं, म्हणून आपल्याला हे माहीत तरी झालं. पक्षाच्या अधिकृत इतिहासात त्या बाया स्वयंपाक आणि निरोप्याच्या कामापुरत्या राहिल्या असत्या.

‘आधी क्रांती, मग स्त्रीमुक्ती’ हे वाक्य सत्तरीत-ऐंशीत आपण किती वेळा ऐकलं! आणि ते मॉस्कोच्या, पेकिंगच्या दाखल्यानिशी ऐकवलं जायचं. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती परिषद भरली, तेव्हाच्या औरंगाबादला महिला समता सैनिक दल निघालं, ते हे वाक्य झुगारूनच. त्या बाया काही अमेरिकेच्या सांगण्यावरून जमल्या नव्हत्या.

तरी १९७५ चं महिला वर्ष आलं कुठून, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आंतरराष्ट्रीय महिला लोकशाही फेडरेशन ही १९४५ मध्ये पॅरिसला स्थापन झालेली, समाजवादी देशांकडे झुकलेली संघटना. आपली भारतीय महिला फेडरेशन, १९५४ ची, तिच्याशी जोडलेली. कोरियात बाँबफेकीनं काय केलं हे बघायला या संघटनेनं बायांचं पथक पाठवलं आणि १९५१ मध्ये अहवाल काढला. त्याची शिक्षा म्हणून अमेरिकेच्या दबावानं १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली तिची सल्लागाराची जागा गेली, ती परत मिळायला १९६७ उजाडलं. महिला वर्षाची सूचना याच गोटातून आली, रुमानियानं ती उचलून धरली (हो, तोच रुमानिया), आणि डिसेंबर १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती मान्य केली. मग मेक्सिकोत परिषद झाली, आणि लगेच पूर्व बर्लिनमध्ये दुसरी. जिथं तिथं दोन सतरंज्या. मेक्सिकोत एकीकडून शांतता आणि साम्राज्यवाद, दुसरीकडून समान हक्क, असे ठराव एकमेकांवर आपटत होते. बोलिव्हियातल्या खाणकामगाराची बायको दोमितिला तिथं उभी राहिली आणि म्हणाली की माझं आणि तुमचं जगणं सारखं नाही. तिला दोन्ही सतरंज्यांवर जागा नव्हती. आपल्या खडीवरच्या बाईचं नातं लागतं ते दोमितिलाशी.

आणि महाराष्ट्रानं त्या दोन वर्षांत काय केलं? मुंबईत १९७२-७३ ला महागाईविरुद्ध बाया लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, आणि व्यासपीठ एकच. दिल्लीत, मॉस्कोत, वॉशिंग्टनमध्ये ज्यांचं पटत नव्हतं त्यांचं रॉकेल आणि तेलाच्या रांगेत पटलं. तिकडे गावोगावच्या कामावर मजुरीसाठी, हजेरीपटासाठी मोर्चे निघाले. त्या रेट्यातून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांच्या डोक्यातली ती कल्पना, पण तिला बळ आलं ते या गर्दीनं. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. बाईला आणि गड्याला कामाचा एकच दर, कामावर पाळणाघर, पाणी, सावली, असं नियमांत लिहिलं. (सावली कागदावरच राहिली बऱ्याच ठिकाणी, आणि मुकादमाची नजर नियमात बसत नव्हती.) असा कायदा ना वॉशिंग्टननं आपल्याला शिकवला, ना मॉस्कोनं. २००५ मध्ये देशानं कायदा केला तो याच धड्यावरून.

म्हणून ‘कुठल्या बाजूच्या तुम्ही?’ हा प्रश्न आला की माझा संताप होतो. आणि तो आपल्याला सतत विचारला गेला आहे. दारूबंदीचा मोर्चा काढला की गावचा पुढारी म्हणायचा, कम्युनिस्ट बाया आल्या. हुंड्याच्या, मारहाणीच्या केसेस घेतल्या की काही डावे म्हणायचे, पाश्चात्त्य फॅड. १९८४ मध्ये प्रकाश करात यांनी लेख लिहून स्वयंसेवी गटांना साम्राज्यवादी डावपेचांचा भाग ठरवलं. त्यात काही गटांबद्दल खरं होतंही, पण झोडपले गेले सगळेच. परदेशी देणग्यांवरचा १९७६ चा कायदा आणीबाणीत झाला, ‘परकीय हात’ या शीतयुद्धाच्या भयातून. शीतयुद्ध संपलं, हात राहिला. २०१० मध्ये कायदा नव्यानं केला, २०२० मध्ये आणखी आवळला. आज तालुक्याला समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या दोन बायांना दिल्लीच्या एका ठरावीक बँकशाखेत खातं काढावं लागतं. मोठमोठ्या कंपन्यांत परदेशी भांडवल आलं की ते गुंतवणूक, आणि मारहाण झालेल्या बाईला रात्रीपुरता निवारा द्यायला आलं की तो कट!

आता त्या नव्या शहाण्यांकडे वळते. १९९१ च्या जुलैत आपल्याकडे नवं आर्थिक धोरण आलं, डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. बाजार जिंकला म्हणता? जिंकल्यावर त्यानं पहिल्यांदा काय केलं ते बघा. ज्या भीतीपोटी गरिबाच्या पोटाकडे लक्ष दिलं जात होतं, ती भीतीच गेली. १९९७ मध्ये रेशन सगळ्यांचं राहिलं नाही, दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे दोन रंग आले, आणि बाया ग्रामसेवकाच्या दारात ‘आम्ही गरीब आहोत’ हे सिद्ध करत उभ्या राहिल्या. परित्यक्ता बाईचं नाव सासरच्या कार्डातून गेलं, माहेरच्या कार्डात चढेना. ती दारिद्र्यरेषेच्या खाली नव्हती, वरही नव्हती, ती यादीतच नव्हती. आपल्या जिल्ह्याला बाजारानं काय दिलं हे दिल्लीनंच सांगून टाकलं: २०१८ मध्ये देशातल्या मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ हे गोंडस नाव दिलं, त्या यादीत महाराष्ट्राचे चार, नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा लढून मिळवला. त्यात घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख, कार्ड तिच्या नावावर. हा विजय आहे आणि तो आपला आहे. त्याच कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट झालं. पण भरड धान्य, म्हणजे आपली ज्वारी, किती महिने दुकानात आली? आपल्या गटांनी गावागावात बसून हे विचारायला सुरुवात करावी असं माझं म्हणणं आहे. रेशनच्या पावत्या गोळा करा, ज्वारीचे महिने मोजा.

आता पुन्हा दोन तट पडू लागले आहेत. अमेरिका आणि चीन, आणि मधे रशियाचं युद्ध. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि आपल्याकडे सूर्यफुलाचं तेल कडाडलं. ज्या जिल्ह्यात एकेकाळी घरच्या करडईचं तेल घाण्यावरून यायचं, तिथल्या बाईनं काळ्या समुद्रातल्या युद्धाची किंमत पिशवीमागं मोजली. शिबिरात ‘जागतिक परिस्थिती’चं सत्र पुन्हा येणार, भाऊ पुन्हा खुर्चीवर बसणार. या वेळी सत्र खडी फोडलेल्या बायांनी घ्यावं. १९७२ ला ज्या विशीत होत्या त्या आज सत्तरीच्या पुढं आहेत, कळंबला आहेत, तुळजापूरला आहेत, लोहाऱ्याला आहेत. पुढच्या शिबिराच्या आत त्यांच्याकडे जाऊन बसा, वही घेऊन. मिलो कधी आली, किती मिळायची, हजेरी कोण लिहायचं, लूप कुणी बसवला, कुणाला न विचारता बसवला, हे सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. नावं छापायची की नाही हे त्या बाया ठरवतील.